डब्यावर ‘एलईडी’ लिहिलंय, पण तोलायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना १७ इंची चौकोनी एलसीडी मॉनिटर आहे, त्याचा उजेड पिवळट पडलाय. दिवसाला आठ तास मराठी डीटीपी, म्हणजे लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, मधूनच एखादी पुस्तिका. दुकानदार म्हणतो एलईडी घ्या, वीज निम्मी लागते. मित्र म्हणतो एलईडीने डोळे जातात. बजेट दहा हजार, पीसी जुना आणि मॉनिटर जोडायला त्याच्या मागे फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीची जोडणी. घ्यावा की नाही?

दोघंही ज्या गोष्टीवर बोलताहेत ती तुमच्या निर्णयात फार मोठी नाही. ‘एलईडी मॉनिटर’ हासुद्धा एलसीडी मॉनिटरच असतो. चित्र तयार करतं ते द्रवस्फटिकाचं पॅनेल. ते स्वतः प्रकाश देत नाही, त्याच्यामागे दिवा लागतो. तुमच्या जुन्या मॉनिटरमध्ये हा दिवा म्हणजे पेन्सिलीहून बारीक ट्यूबलाइट आहे, सीसीएफएल. नव्यात त्या जागी एलईडीची पट्टी असते. फरक एवढाच. आणि आज दुकानात नवा मॉनिटर मागितलात तर ट्यूबवाला मिळणारच नाही, त्यामुळे ‘एलईडी की एलसीडी’ हा प्रश्न बाजारानेच निकाली काढलाय. खरे प्रश्न तीन आहेत: दिव्यापुढचं पॅनेल कोणतं, उजेड कमी करताना तो कसा कमी होतो, आणि पडद्याचा आकार तुमच्या कामाला जुळतो का.

आधी दिव्याचे फायदे-तोटे संपवू.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. तुमचा १७ इंची साधारण ३५ वॅट खात असेल. नवा २४ इंची, मध्यम उजेडावर, १८ ते २० वॅट. फरक १५ वॅट. आठ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३६ युनिट. युनिट दहा रुपये धरलं तर वर्षाला ३६० रुपये. ‘निम्मी वीज’ हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे, पण त्या बचतीतून मॉनिटर फुकट पडायला पाव शतक जावं लागेल. वीज वाचवायला म्हणून नवा मॉनिटर घेऊ नका. यूपीएसवर मात्र थोडा उपयोग दिसतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर १५ वॅट कमी झाले की लाइट गेल्यावर दोन-तीन मिनिटं जास्त मिळतात. फाइल सेव्ह करून पीसी नीट बंद करायला तेवढी पुरतात.

दुसरा फायदा जास्त कामाचा आहे, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. ट्यूब गरम होऊन तिचा उजेड आणि रंग स्थिरावायला दहा-वीस मिनिटं लागतात, थंडीत जास्त. सकाळी मॉनिटर लावल्या-लावल्या ठरवलेला रंग अर्ध्या तासाने वेगळा दिसतो तो यामुळे. एलईडी लावताक्षणी जवळपास पूर्ण उजेडात येतो. ट्यूब वापरागणिक मंद आणि पिवळट होत जाते, आणि तुमच्याकडे तेच झालंय. एलईडीही म्हातारा होतो, पण सावकाश. त्याचा उजेड निम्म्यावर यायला साधारण ३० ते ५० हजार तास धरतात. तुमच्या वापराने वर्षाला २,४०० तास होतात, म्हणजे हिशेबाने बारा वर्षांहून जास्त.

तरीही मॉनिटर बारा वर्षं चालेलच असं नाही, कारण एलईडी मंद होण्याआधी दुसरंच काहीतरी बिघडतं. दुरुस्तीला येणाऱ्या मॉनिटरमध्ये पहिला नंबर पॉवर सप्लायचा. फुगलेले कपॅसिटर, किंवा बाहेरचा अ‍ॅडॅप्टर गेलेला. हे स्वस्तात सुटतं. अ‍ॅडॅप्टर बदलताना जुन्यावरचे व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनची जाडी व ध्रुव जुळले पाहिजेत. दुसरी तक्रार अशी: मॉनिटर लावला की चित्र दोन सेकंद दिसतं आणि काळोख होतो, पण हिरवा दिवा चालू राहतो. अशा वेळी पडद्यावर टॉर्च तिरका मारून बघा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनेल ठीक आहे, बॅकलाइट गेलाय. पट्टीतले एलईडी एकामागे एक साखळीत जोडलेले असतात. त्यातला एक जरी जाऊन साखळी तुटली तरी संरक्षक सर्किट सगळी साखळी बंद करतं. आणि ही एलईडीची खरी उणी बाजू आहे. जुन्या मॉनिटरची ट्यूब किंवा तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर बोर्ड तालुक्याचा कारागीरही बदलायचा. नव्या पातळ मॉनिटरची पट्टी बदलायला पॅनेलच्या काचेपर्यंत सगळं उकलावं लागतं. कडेच्या कागदी पट्ट्यांना, म्हणजे काचेला सर्किटशी जोडणाऱ्या फिल्मना, जरा ताण बसला की पडद्यावर उभ्या रेघा येतात आणि पॅनेल कायमचं जातं. म्हणून तीन वर्षांची वॉरंटी असलेलाच घ्या. पाचशे रुपये वाचवायला एक वर्षवाला नको.

तिसरी गोष्ट उजेडाच्या समानतेची. या किमतीत एलईडीची पट्टी बहुतेक वेळा खालच्या कडेला असते, आणि एक पारदर्शक जाड पत्रा तो उजेड पूर्ण पडद्यामागे पसरवतो. पातळपणा मिळतो तो त्यामुळे. पण पूर्ण काळ्या पडद्यावर कडेला किंवा कोपऱ्यात पांढुरकी झाक दिसू शकते. डीटीपीत पान पांढरं असतं, त्यामुळे हे जाणवत नाही. रात्री अंधारात सिनेमा पाहणाऱ्याला जाणवतं. तुमच्यासाठी याहून महत्त्वाचं हे की, राखाडी पार्श्वभूमीवर एक बाजू पिवळसर आणि दुसरी निळसर दिसत नाही ना. ते घेताना तपासायचं, कसं ते पुढे सांगतो.

आता डोळ्यांचं. मित्राच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, पण बोट चुकीच्या जागी आहे. पांढरा एलईडी आतून निळा असतो. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना ज्या निळ्या एलईडीसाठी मिळालं, त्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः उजळणारा पदार्थ, लेपला की पांढरा उजेड मिळतो. म्हणून त्याच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं टोक उंच असतं. यावरून ‘एलईडीने डोळ्याच्या आतला पडदा जळतो’ अशा गोष्टी पसरल्या. पण मॉनिटरचा पूर्ण उजेड २५० निट (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप), आणि दिवसाचं उघडं आकाश हजारो निटचं. अंगणात दहा मिनिटं उभं राहिलात तरी डोळ्यांत त्याहून कितीतरी जास्त निळा प्रकाश जातो. संगणकासमोर बसण्यासाठी निळा प्रकाश अडवणारे चष्मे घ्या, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्थाही सांगत नाही. रात्री उशिरापर्यंत झगझगीत पडद्यासमोर बसलं तर झोपेवर परिणाम होऊ शकतो. त्यासाठी विंडोजमधला नाइट लाइट चालू करा, तो फुकट आहे. फक्त रंगाचं काम करताना तो बंद ठेवायचा. नाहीतर पिवळ्या पडद्यावर पत्रिकेचा रंग ठरेल आणि छापखान्यात गोंधळ होईल.

मग डोळे चुरचुरतात ते कशाने? बहुतेक वेळा तीन कारणांनी. पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळा कोरडा पडतो. पडद्याचा उजेड खोलीपेक्षा फार जास्त ठेवलेला असतो. अक्षर बारीक असतं म्हणून माणूस पुढे वाकून बघतो. चौथं कारण आहे, आणि ते मात्र खरोखर एलईडीशी जोडलेलं आहे: लुकलुक.

हे नीट समजून घ्या. मॉनिटरचा उजेड कमी करायच्या दोन रीती आहेत. एकात एलईडीला मिळणारा प्रवाहच कमी होतो. दुसऱ्यात प्रवाह तेवढाच राहतो, पण एलईडी सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद होतो. बंद राहण्याचा वेळ वाढला की उजेड कमी भासतो. ही दुसरी रीत स्वस्त पडते. ट्यूबमध्येही हीच रीत वापरायचे, पण ट्यूबचा फॉस्फर विझल्यावरही क्षणभर उजळत राहतो, त्यामुळे लुकलुक बोथट होते. एलईडी विझतो तो झटक्यात. सगळ्यांना हे जाणवत नाही. ज्यांना जाणवतं त्यांचं संध्याकाळपर्यंत कपाळ दुखायला लागतं, आणि कारण मॉनिटर आहे हे त्यांना कळतही नाही. जुन्या मॉनिटरवर वर्षानुवर्षं बसणाऱ्याने नवा घेतल्यावर ‘एलईडी बाधला’ म्हणावं, यामागे बरेचदा हेच असतं.

ओळखायचं कसं? पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा, मॉनिटरच्या बटणांवरून ब्राइटनेस २० वर आणा, आणि पडद्यापुढे पेन्सिल पंख्यासारखी भराभर हलवा. पेन्सिलीची सावली सलग पुसट दिसली तर ठीक. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे. मोबाइलनेही होतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/२००० ठेवून पडद्याकडे धरा, आडवे काळे पट्टे दिसले तर तेच. एक काळजी घ्या: ही परीक्षा शंभर टक्के ब्राइटनेसवर घेतली तर कुठलाही मॉनिटर पास होतो, कारण तिथे एलईडी विझतच नाही. आणि दुकानात मॉनिटर नेहमी शंभरवरच लावलेले असतात. ब्राइटनेस स्वतः कमी करून बघा. डब्यावर ‘फ्लिकर फ्री’ लिहिलं असेल आणि टीयूव्ही या तपासणी संस्थेची खूण असेल तर चांगलं, पण पेन्सिलीला दहा सेकंद लागतात, ती हलवाच.

दिवा संपला. आता पॅनेल, आणि दहा हजारांतले आठ हजार तरी इथे ठरतात.

तीन जाती आहेत. टीएन सगळ्यात स्वस्त. समोरून ठीक, पण मान जरा वर-खाली झाली की रंग बदलतो. पडद्याच्या वरच्या पट्टीतला फिका क्रीम रंग आणि खालच्या पट्टीतला तोच क्रीम वेगळे दिसतात. पत्रिकेच्या कामाला हा बाद. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो. त्याचं काँट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, ३०००:१ च्या आसपास असतं, तर आयपीएसचं साधारण १०००:१. सिनेमाला व्हीए छान. पण बाजूने पाहिलं तर गडद छटा फिकट होतात, आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर सरकवताना मागे धूसर शेपूट राहते. आयपीएसचा काळा थोडा राखाडी, पण रंग कोणत्याही कोनातून जवळपास तोच राहतो. ग्राहक तुमच्या शेजारी खुर्ची टाकून पत्रिका बघतो ना? मग त्याला दिसणारा रंग आणि तुम्हाला दिसणारा रंग एकच असायला हवा. आयपीएस घ्या. इथे मला ‘परिस्थितीनुसार’ म्हणायचंच नाही.

रंगाचा आवाका हा दुसरा मुद्दा. माहितीपत्रकात ‘एसआरजीबी ९९ टक्के’ किंवा ‘एनटीएससी ७२ टक्के’ असं लिहिलेलं शोधा. हे रंगांच्या आवाक्याचे दोन मापदंड आहेत, आणि या दोन आकड्यांचा अर्थ ढोबळमानाने एकच. त्याहून बराच कमी आकडा असेल, किंवा आकडाच दिलेला नसेल, तर सावध. स्वस्त लॅपटॉपमध्ये एनटीएससी ४५ टक्केवाली पॅनेल सर्रास असतात. त्यावर कुंकवाचा लाल विटकरी दिसतो आणि हळदीचा पिवळा मातकट. मग डीटीपीवाला तो लाल वाढवत नेतो आणि छपाईत तो अंगावर येतो. ‘१.६७ कोटी रंग’ या ओळीवर विश्वास ठेवू नका. ती सगळ्याच डब्यांवर असते आणि आवाक्याबद्दल काही सांगत नाही. तसंच ‘२ कोटी:१ डायनॅमिक काँट्रास्ट’. चित्र काळं झालं की दिवा मंद करायचा आणि तो आकडा छापायचा, एवढाच त्याचा अर्थ. घरी आणल्यावर मेनूत जाऊन हे डायनॅमिक काँट्रास्ट बंद करा, नाहीतर पान बदललं की पडद्याचा उजेड आपोआप हलत राहील. ‘एचडीआर’, म्हणजे जास्त झगझगीत आणि जास्त गडद छटा एकत्र दाखवणं, हीही या किमतीत नुसती पाटी. २५० निटच्या पडद्यावर विंडोजमध्ये ते चालू केलं तर रंग फिके पडतात, बाकी काही होत नाही.

आकाराबद्दल मात्र थोडं थांबू, कारण १७ इंची चौकोनीवरून येणारे इथेच फसतात. इंच म्हणजे कर्ण. तुमचा ५:४ प्रमाणाचा १७ इंची साधारण ३४ सेंटीमीटर रुंद आणि २७ सेंटीमीटर उंच आहे. बाजारातला ‘२२ इंची’ म्हणजे खरं तर २१.५, प्रमाण १६:९, रुंदी ४७.६ आणि उंची २६.८ सेंटीमीटर. म्हणजे पाच इंच ‘मोठा’ घेऊनही उंची मिळाली जवळपास तेवढीच. १८.५ इंची तर फक्त २३ सेंटीमीटर उंच, आणि त्यात १३६६×७६८ पिक्सेल. आज तुमच्याकडे उभे १०२४ पिक्सेल आहेत, तिथून ७६८ वर उतरणं म्हणजे पैसे देऊन मागे जाणं. ‘२४ इंची’ म्हणजे २३.८, उंची २९.६ आणि रुंदी ५२.७ सेंटीमीटर. ए-फोर कागद २९.७ सेंटीमीटर उंच असतो. टूलबार सोडले तर एक पान जवळजवळ खऱ्या आकारात, किंवा दोन पानं शेजारी शेजारी थोडी लहान करून, आरामात मावतात. पुस्तिकेचं समोरासमोरचं पान लावताना याची किंमत कळते.

मग २७ इंची आणखी चांगला नाही का? दहा हजारांत नाही. कारण त्या किमतीत २७ इंचीवरही १९२०×१०८० एवढेच पिक्सेल मिळतात, फक्त ते मोठे होतात. इंचाला किती पिक्सेल बसतात ते पाहा: तुमच्या जुन्यावर ९६, २१.५ इंचीवर १०२, २३.८ इंचीवर ९२, आणि २७ इंचीवर ८२. इंग्रजी वाचणाऱ्याला ८२ चालून जातात. देवनागरीला जड जातात. आपल्या अक्षरावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. एकाच ओळीच्या उंचीत एवढे मजले बसवायचे असल्यामुळे त्याच पॉइंटात मूळ अक्षराच्या वाट्याला रोमनपेक्षा कमी पिक्सेल येतात. परिणाम असा की १० पॉइंटच्या मजकुरात ‘घ’ आणि ‘ध’, ‘द्य’ आणि ‘द्ध’ यांच्यातला फरक पडद्यावर विरघळतो, आणि मुद्रितशोधनात सुटलेली चूक छापून आल्यावर दिसते. २७ इंची हवाच असेल तर २५६०×१४४० चा घ्या, म्हणजे इंचाला १०९ पिक्सेल. पण त्याला बजेटही वाढवावं लागेल आणि तुमच्या पीसीचं व्हीजीएही पुरणार नाही. त्यामुळे तुमच्यासाठी २३.८ इंची, १९२०×१०८०, आयपीएस. लिहिताना तरी हे मॉनिटर साधारण आठ ते अकरा हजारांच्या दरम्यान मिळतात, सणासुदीला थोडे उतरतात.

रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटतं, ७५ हर्ट्झ की १०० हर्ट्झ, यावर तुम्ही वेळ घालवू नका. त्याच पैशात १०० मिळाला तर घ्या, स्क्रोल जरा गुळगुळीत वाटतं. ‘१ मिलिसेकंद’, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, हे गेम खेळणाऱ्यांचं. वक्र पडदा तर अजिबात नको. तक्त्याची सरळ रेघ सरळ आहे की नाही, यावरच तुमची पोटापाण्याची गोष्ट आहे.

आता व्हीजीए. बजेटमधल्या बऱ्याच मॉनिटरना एचडीएमआय या नव्या डिजिटल जोडणीबरोबर व्हीजीए अजून असतं, पण सगळ्यांना नाही. मागची बाजू बघूनच घ्या. व्हीजीए हा अ‍ॅनालॉग सिग्नल. १९२०×१०८० ला ६० हर्ट्झवर तो चालतो, पण केबल बारीक किंवा लांब असेल तर अक्षरांना उजवीकडे सावली येते. दीड मीटरची, दोन्ही टोकांना काळं गोल फेराइट असलेली केबल वापरा. जोडल्यावर पूर्ण पांढऱ्या पानावर मजकूर उघडा आणि मॉनिटरचं ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ दाबा. रिकाम्या डेस्कटॉपवर दाबलं तर त्याला कडा नीट सापडत नाहीत. विंडोज १०२४×७६८ च्या वर जातच नसेल तर मॉनिटरला दोष देऊ नका, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसवलेला नसतो. मॉनिटरला व्हीजीए नसेल आणि पीसीला फक्त तेच असेल, तर साधी केबल चालत नाही. अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणारा, यूएसबीतून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. तो सहज मिळतो, पण त्यातही अक्षराची धार थोडी बोथटते. पीसीत जागा असेल तर एचडीएमआय असलेलं एखादं साधं ग्राफिक्स कार्ड हा जास्त बरा मार्ग.

पुढेमागे एचडीएमआयवर गेलात तर एक नेहमीची भानगड लक्षात ठेवा. काळा रंग राखाडी आणि सगळंच चित्र धुतल्यासारखं दिसायला लागतं. कार्डाने मॉनिटरला टीव्ही समजून ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढाच आवाका पाठवलेला असतो. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्वांटायझेशन रेंज’ किंवा ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ला ‘फुल’ करा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर मॉनिटरच्या मेनूतलं ओव्हरस्कॅन बंद करा. याच दोन कारणांनी चांगले मॉनिटर ‘खराब निघाला’ म्हणून परत जातात.

दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये पाच चित्रं घेऊन जा, प्रत्येक १९२०×१०८० मापाचं: पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, मधलं राखाडी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पांढऱ्यातून काळ्याकडे जाणारी पट्टी, आणि तुमचंच एक पत्रिकेचं पान. पांढऱ्यावर काळे ठिपके शोधा, काळ्यावर चमकणारे. राखाडीवर डावी-उजवी बाजू एका रंगाची आहे का ते दोन पावलं मागे जाऊन बघा. पट्टीवर छटा सलग सरकतात की पायऱ्या पडतात ते बघा. एखाद-दुसरा खराब पिक्सेल असेल तर बऱ्याच कंपन्या तो वॉरंटीत धरत नाहीत. १९२०×१०८० म्हणजे २० लाखांवर पिक्सेल, त्यात दोन-चार मेलेले चालतात असं त्यांचं धोरण असतं. म्हणून डबा उघडून, तोच नग लावून बघितल्याशिवाय बिल करू नका. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. ऑनलाइन घेणार असाल तर डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि परतीच्या मुदतीतच हे सगळं उरका. जीएसटी बिलावर सीरियल नंबर छापलेला हवा, वॉरंटी त्यावर चालते. घरी येऊन सेवा देणारी कंपनी तुमच्या तालुक्यापर्यंत येते की मॉनिटर जिल्ह्याच्या गावी न्यावा लागतो, हे तिच्या हेल्पलाइनवर तुमचा पिनकोड सांगून आधीच विचारा. आणि पॅनेलला धक्का बसून तडा गेला तर कुठलीही वॉरंटी लागू होत नाही, त्यामुळे आणताना पडदा पुढे करून, मांडीवर उभा धरून आणा. आडवा टाकून वर पिशव्या ठेवू नका.

घरी आल्यावरची मांडणी. या किमतीत स्टँड फक्त पुढे-मागे कलतो, उंची बदलत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, अंतर ५० ते ७० सेंटीमीटर. खाली ए-फोर कागदाची एक रीम ठेवली की साधारण पाच सेंटीमीटर उंची वाढते. डीटीपीवाल्याकडे रीम नसेल असं होत नाही. मागे १००×१०० मिलिमीटरची चार भोकं असतील तर पुढे मॉनिटर धरून ठेवणारा भिंतीवरचा हातही (आर्म) लावता येतो. खिडकी पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला हवी.

मग उजेड. कारखान्यातून मॉनिटर जवळजवळ पूर्ण ब्राइटनेसवर येतो आणि लोक तो तसाच ठेवतात. पडद्यावर पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा, आणि दोघांचा पांढरेपणा सारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. साध्या खोलीत हे १०० ते १२० निटच्या आसपास येतं, म्हणजे बटणावर बहुधा २० ते ४० च्या दरम्यान. ही लुकलुक तपासायला सांगितलेली तीच पातळी, आणि तुम्ही रोज तिथेच बसणार आहात. ‘पडद्यावर छान होतं, छापून गडद आलं’ या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण छापखाना नसून हा न उतरवलेला ब्राइटनेस असतो. काँट्रास्ट कारखान्यातला आहे तसा राहू द्या. रंगाचं तापमान ६५०० केल्व्हिन (मेनूत ‘6500K’) किंवा मेनूत ‘एसआरजीबी’ असेल तर ते. ‘व्हिव्हिड’, ‘मूव्ही’ वगैरे मोडना हात लावू नका. शार्पनेस वाढवली तर शिरोरेषेला पांढरी किनार येते, ती असेल तर कमी करा. शेवटी विंडोजचं क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरांची धार जुळवायची सोय, पुन्हा एकदा चालवा, जुन्या मॉनिटरसाठी केलेली निवड नव्याला जुळेलच असं नाही.

पुसायला मऊ मायक्रोफायबर आणि गरज पडली तर किंचित ओलसर, डिस्टिल्ड पाण्याने. काच पुसायचा निळा द्रव किंवा स्पिरिट मारलं तर मॅट थर डागाळतो, आणि फवारा थेट पडद्यावर मारला तर ओघळ खालच्या कडेतून नेमका त्या फिल्म आणि सर्किटमध्ये उतरतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उजेडाला आलेलं चिलट कधीकधी पडद्याच्या थरांमध्ये शिरतं आणि चालताना दिसतं. त्याला बोटाने दाबू नका. दाबलंत तर ते तिथेच मरून कायमचा ठिपका होतो. मॉनिटर बंद करून अंधारात शेजारी टेबललॅम्प लावून ठेवा, बहुतेक वेळा ते आलं तसं बाहेर पडतं.

जुना १७ इंची लगेच भंगारात देऊ नका. त्याच्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, त्यामुळे फोडून कचऱ्यात टाकण्याची वस्तू ती नव्हे. चालेनासा झाला की अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. पण तोवर पीसीला दुसरा आउटपुट मिळाला, म्हणजे ते ग्राफिक्स कार्ड बसवलंत, तर तो शेजारी लावा आणि फॉन्टची यादी, पॅलेट, ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर त्यावर ठेवा. रंग त्यावर ठरवायचा नाही एवढंच.